कुठलीही बाईक परवडणारा माणूस

मूर्तिजापुरात कोण कोणती गाडी चालवतो, यावरून त्याचं वय सांगता येतं. कॉलेजातला पोट्टा असेल तर पल्सर, आर वन फाइव्ह, नाहीतर निदान लांबून तशी दिसणारी काहीतरी. नोकरी लागली की बुलेट. लेकरू झालं, शाळेची फी सुरू झाली की मुकाट्यानं स्प्लेंडर. आणि गुडघे बोलायला लागले की किक, गिअर सगळं सोडून बिनगिअरची स्कूटर. या रांगेबाहेर जाऊन एखाद्यानं पंचावन्नाव्या वर्षी बुलेट घेतली, की अख्खी गल्ली हसते. याला आता काय सुचलं म्हणून.

हसण्याआधी एका माणसाची गोष्ट ऐका. त्याला जगातली कुठलीही मोटरसायकल परवडत होती. आवडली तर दुकानासकट घेता आली असती. पण वय वाढत गेलं तसा तो अशा गाड्यांच्या मागे लागला, ज्या बनवणारी कंपनी बंद पडून पाव शतक होत आलं होतं. ज्यांचा स्पीड आपल्या स्प्लेंडरवाल्यालाही फार वाटणार नाही. त्याचं नाव स्टीव्ह मॅक्वीन. साठ-सत्तरच्या दशकातला हॉलिवूडचा सगळ्यात महागड्या नटांपैकी एक.

(आधीच सांगते, ‘कार्स’ या ॲनिमेशन सिनेमातल्या लाल गाडीचं लाइटनिंग मॅक्वीन हे नाव याच्यावरून नाही. ते पिक्सारच्या ग्लेन मॅक्वीन या ॲनिमेटरच्या आठवणीत ठेवलेलं आहे. माझाही बरीच वर्षं तोच समज होता, आणि आपल्या ग्रुपमध्ये अजून अनेकांचा असेल.)

पहिली गाडी तीन चाकांची

स्टीव्हचा जन्म २४ मार्च १९३० चा, अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या बीच ग्रोव्ह गावातला. बाप विमानाच्या कसरती करून दाखवणारा. पोरगं काही महिन्यांचं असतानाच तो निघून गेला. आई दारूत बुडालेली. मग पोराला ठेवलं आजीच्या भावाकडे, मिसुरी राज्यातल्या स्लेटर गावी. स्लेटर म्हणजे आपल्यासारखंच रेल्वेच्या आधारानं वसलेलं आणि शेतीवर जगणारं गाव. आजीच्या भावाचा डुकरं पाळायचा धंदा होता. क्लॉड थॉम्पसन त्याचं नाव. माणूस कडक, पण पोरावर जीव. चौथ्या वाढदिवसाला त्यानं स्टीव्हला लाल रंगाची तीनचाकी सायकल दिली. आपल्याला शर्यतीचं वेड तिथूनच लागलं, असं स्टीव्ह पुढे सांगायचा.

बाकीचं बालपण भराभर सांगून टाकण्यासारखंच आहे. कानाच्या दुखण्यानं एका बाजूला ऐकू कमी यायचं, अक्षरं डोळ्यांपुढे उलटसुलट व्हायची, त्यामुळे शाळेत ढ ठरला. सावत्र बापाचा मार, मग रस्त्यावरच्या टोळ्या, चोऱ्या. शेवटी कॅलिफोर्नियातल्या चिनो इथल्या बॉईज रिपब्लिक नावाच्या सुधारगृहात रवानगी. ही जागा मात्र त्याला लागू पडली. मोठा नट झाल्यावर तो तिथल्या पोरांना भेटायला जात राहिला. सिनेमा कंपन्यांकडून जीन्स आणि दाढीचं सामान ढिगानं मागून घ्यायचा. कंपन्यांना वाटायचं काय हा चिंधीपणा. ते सगळं सामान त्या पोरांना जायचं.

१९४७ मध्ये तो मरीन सैन्यात भरती झाला. तिथेही रजेवरून वेळेत परत न येणं, कोठडीची शिक्षा, असले उद्योग चालूच. जहाजावर असताना पाइपांभोवतीचं ॲसबेस्टॉसचं आवरण खरवडून काढायचं काम त्याच्या वाट्याला आलं होतं. हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

इंडियन, जी आपली नव्हती

१९५० मध्ये सैन्यातून सुटल्यावर तो न्यू यॉर्कला आला. माजी सैनिकांना शिक्षणासाठी सरकारी पैसे मिळायचे, त्यातून त्यानं नाटकाच्या शाळेत नाव घातलं. शनिवार-रविवार लाँग आयलंडला मोटरसायकलच्या शर्यती पळवायचा आणि शंभरेक डॉलर जिंकून आणायचा. म्हणजे नाटकवाल्यांत हा एकटा असा होता, ज्याचं घर फटफटीवर चालत होतं.

याच दिवसांत त्याच्याकडे १९४६ ची एक जुनी इंडियन चीफ होती, बाजूला साइडकार जोडलेली. गाडी बाराशे सीसीची आणि वजन अडीचशे किलोच्या आसपास, तेही साइडकार सोडून. क्लच पायात आणि गिअरचा दांडा टाकीशेजारी, हातानं टाकायचा. सिग्नलला थांबायचं म्हटलं तरी कसरत. त्या वेळच्या त्याच्या मैत्रिणीला हे प्रकरण बिलकुल आवडलं नाही. गाडी ठेव नाहीतर मला, असा मामला झाला. गाडी राहिली. हा किस्सा तो नंतर मजेनं सांगायचा. त्या मुलीनं तो कसा सांगितला असता, हे कुणी विचारलं नाही.

आता इंडियन या नावाबद्दल. तिचा आपल्या देशाशी काही संबंध नाही. १९०१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफिल्ड इथे सुरू झालेली ती कंपनी, आणि नाव तिथल्या मूळ रहिवाशांवरून. एके काळी हार्ली-डेव्हिडसनला घाम फोडणारी. पण १९५३ मध्ये तिचा कारखाना बंद पडला. गंमत त्याच्या पुढे आहे. १९५५ पासून काही वर्षं इंग्लंडातल्या रॉयल एन्फिल्डच्या गाड्या अमेरिकेत नेऊन त्यांच्या टाकीवर इंडियन लिहून विकल्या गेल्या. आणि त्याच १९५५ साली इकडे मद्रासला एन्फिल्डची बुलेट जुळवायला सुरुवात झाली होती. तिकडे एन्फिल्डला इंडियन म्हणत होते, इकडे एन्फिल्ड खरोखरच इंडियन होत होती.

ट्रायम्फ आणि बड एकिन्स

१९५६ मध्ये स्टीव्हनं नील ॲडम्स या नर्तकीशी लग्न केलं. तेव्हा ती त्याच्यापेक्षा जास्त कमावत होती. दोन वर्षांनी त्याला टीव्हीवरची एक काउबॉय मालिका मिळाली, १९६० मध्ये ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ आला आणि गाडी सुसाट सुटली. पैसा आला, तशी लॉस एंजेलिसमधल्या बड एकिन्सच्या दुकानाची वाट सापडली.

एकिन्स हा या गोष्टीतला खरा गुरू. वयानं स्टीव्हच्याच बरोबरीचा, दोघंही १९३० चे. ट्रायम्फ मोटरसायकलींचा विक्रेता, वाळवंटातल्या शर्यतींचा राजा. त्याच्यामुळे स्टीव्ह डांबरी रस्ता सोडून धुळीत उतरला. तिथे चालायची ट्रायम्फची साडेसहाशे सीसीची, दोन सिलिंडरची गाडी. लाइट काढून टाकायचे, सायलेन्सर काढायचा, खाली दगड लागू नये म्हणून पत्रा ठोकायचा, हँडल रुंद करायचं आणि मोजावे वाळवंटात सोडून द्यायची. सगळं कमी करूनही दीडशे किलोच्या वरच. अशा गाडीला तिकडे डेझर्ट स्लेड म्हणतात. स्टीव्हची एक बॉनव्हिल एकिन्सनं बनवली होती आणि तिला रंग दिला होता व्हॉन डच या अवलिया रंगाऱ्यानं.

(ट्रायम्फची चारशे सीसीची गाडी आज बजाज आपल्या पुण्याजवळच्या चाकणला बनवते. २०२३ मध्ये ती आली तेव्हा अकोल्यातल्या कितीतरी जणांनी मोबाइलच्या वॉलपेपरवर ती लावली. त्यातल्या किती जणांना मॅक्वीन माहीत होता, देव जाणे.)

मला वाटतं, वाळवंटात त्याला जे मिळत होतं ते स्टुडिओत मिळत नव्हतं. डोक्यावर हेल्मेट, तोंडावर धूळ, पाठीवर नंबर. मागून येणाऱ्या पोराला समोरचा सिनेमातला आहे की सुतार आहे, याच्याशी घेणं नाही. स्टीव्ह काही शर्यतींत हार्वे मशमन या खोट्या नावानं उतरायचा. आपण फॉलोअर वाढावेत म्हणून स्वतःचं नाव गाडीवर रेडियममध्ये लिहितो, हा नाव लपवून गाडी चालवत होता.

‘द ग्रेट एस्केप’ १९६३ मध्ये आला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या छावणीतून खोदलेल्या भुयारानं ७६ युद्धकैदी पळाले आणि पकडल्यावर त्यातल्या ५० जणांना गोळ्या घातल्या गेल्या, ही १९४४ मधली खरी घटना. त्या घटनेत मोटरसायकल कुठेच नाही. सिनेमात ती आली ती मॅक्वीनच्या हट्टानं. युद्धातली जड जर्मन गाडी उडी मारू शकली नसती, म्हणून ट्रायम्फलाच जर्मन लष्करी रंग फासला. काटेरी तारांच्या कुंपणावरून ती गाडी उडते, तो शॉट आजही रील्समध्ये फिरतो. पण ती उडी स्टीव्हची नाही, बड एकिन्सची आहे. विम्याच्या भानगडीमुळे एवढ्या महागड्या नटाला उडी मारू देणं शक्यच नव्हतं. बाकीची बरीच गाडी मात्र स्टीव्हनंच चालवली. काही ठिकाणी तर जर्मन सैनिकाचा गणवेश घालून तो स्वतःचाच पाठलाग करतो.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पडद्यावरची नाही. पुढे टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात त्या उडीचं कौतुक सुरू झालं, तेव्हा त्यानं सरळ सांगून टाकलं की ती मी मारली नाही, एकिन्सनं मारली. गप्प बसला असता तर कुणाला कळलं असतं?

पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, पूर्व जर्मनीतल्या एरफुर्टला सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. जंगल, चिखल, ओढे, रोज शेकडो किलोमीटर. मोडलं तर स्वतःच दुरुस्त करायचं. अमेरिकेच्या चमूत बड एकिन्स, त्याचा भाऊ डेव्ह, क्लिफ कोलमन आणि स्टीव्ह. गाड्या अर्थातच ट्रायम्फ. डेव्ह आणि कोलमन सुवर्णपदक घेऊन आले. बडचा पाय मोडला. स्टीव्ह पडला, गाडीचा पुढचा भाग वाकला आणि तिसऱ्या दिवशी त्याची शर्यत संपली. वय चौतीस.

गाडी हलकी झाली

इथून पुढे गोष्टीला वळण लागतं. आपल्याकडे वय आणि पगार वाढला की गाडीचे सीसी वाढतात. दीडशेवरून साडेतीनशे, जमलं तर साडेसहाशे. मॅक्वीननं उलट केलं. चाळिशी जवळ आली आणि त्यानं गाडी हलकी केली.

१९६६ च्या सुमारास अमेरिकेत स्वीडनच्या हस्कवर्ना कंपनीच्या टू-स्ट्रोक गाड्या आल्या. टॉर्स्टेन हॉलमन हा स्वीडिश विजेता त्या चालवून दाखवायला आला आणि तिथल्या जड गाडीवाल्यांचे डोळे पांढरे झाले. एक सिलिंडर, सव्वाशे किलोच्याही आत वजन. ट्रायम्फ खड्ड्यातून रेटून न्यावी लागायची, ही खड्ड्यावरून उडत जायची. पडली तर एकट्याला उचलता यायची. हा शेवटचा मुद्दा विशीत कुणी बघत नाही. दोन-चार हाडं मोडून झाल्यावर तो आधी दिसतो. स्टीव्हनं हस्कवर्ना घेतली आणि तिच्यावरच शर्यती पळू लागला. मला हा बदल म्हणजे माघार वाटत नाही. शरीराचा हिशेब मांडून केलेली निवड वाटते, आणि त्या हिशेबात वेग काही कमी झाला नाही. (हस्कवर्ना हे नाव लावलेल्या गाड्याही २०२० पासून आपल्याकडे विकल्या जाऊ लागल्या, त्याही चाकणमध्येच बनलेल्या.)

मोडण्यावरून आठवलं. १९७० च्या मार्चमध्ये फ्लोरिडातल्या सेब्रिंगला बारा तासांची मोटारींची शर्यत होती. त्याआधी काही दिवस मोटरसायकलच्या शर्यतीत स्टीव्हचा डावा पाय मोडला. प्लास्टर घातलेल्या पायानं तो पोर्शमध्ये बसला. जोडीला पीटर रेव्हसन. गाडीचा मोठा वाटा रेव्हसननं ओढला, हे खरंच. पण प्लास्टरमधल्या पायानं क्लच मारत ते दोघं दुसरे आले. पहिल्या आलेल्या मारिओ आंद्रेत्तीच्या फेरारीपासून अर्ध्या मिनिटापेक्षाही कमी अंतरानं.

१९७१ मध्ये ब्रूस ब्राउन या दिग्दर्शकाचा ‘ऑन एनी संडे’ हा माहितीपट आला. पैसे मॅक्वीनच्या कंपनीचे. मोटरसायकलवाले म्हणजे गुंड, ही अमेरिकेतली समजूत या एका सिनेमानं बरीचशी पुसली. ऑस्करचं नामांकनही मिळालं. यात स्टीव्ह आहे, पण हिरो म्हणून नाही. माल्कम स्मिथ आणि मर्ट लॉविल या दोन खऱ्याखुऱ्या रेसरांच्या शेजारी तो तिसरा. शेवटी तिघं समुद्रकाठच्या वाळूत नुसते हुंदडतात. घड्याळ नाही, नंबर नाही. जमलं तर बघाच. बाईकवरचे हजार रील्स बघून जे कळत नाही, ते त्या पाच मिनिटांत कळतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो हस्कवर्नावर झळकला, अंगात शर्टही नाही. फोटो जबरदस्त आहे. त्याची नक्कल आपल्या हायवेवर करू नका, एवढंच. लोणी ते माना हा अमरावती-अकोला मार्गावरचा पट्टा २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून बनवला आणि गिनेस बुकात गेला. माना म्हणजे आपल्याच तालुक्यातलं. तेव्हापासून तिकडे रात्री कोणाची गाडी किती पळते, याचे व्हिडिओ येतात. पण अशा गुळगुळीत सरळ रस्त्यावर वेग म्हणजे काय? मनगट पिळणं. ते गाडी करते, आपण फक्त बसलेलो असतो. मॅक्वीन ज्यासाठी ओळखला गेला तो वेग दगडगोट्यातला होता, जिथे दर दहा फुटांवर काहीतरी ठरवावं लागतं.

दाढी आणि भंगार

१९७१ मध्येच ‘ल मॉन्स’ हा मोटारींच्या शर्यतीवरचा त्याचा लाडका सिनेमा आपटला. पैसे गेले, मित्र तुटले, १९७२ मध्ये नीलशी घटस्फोट झाला. मग अली मॅकग्रॉ या नटीशी लग्न. १९७४ चा ‘द टॉवरिंग इन्फर्नो’ तुफान चालला, आणि नेमका त्यानंतरच हा माणूस गायब झाल्यासारखा झाला. पटकथा परत पाठवायचा. दाढी वाढली, पोट सुटलं. मधे एकदा इब्सेनच्या ‘ॲन एनिमी ऑफ द पीपल’ नाटकावर सिनेमा केला, ज्यावरून पुढे सत्यजित राय यांनी ‘गणशत्रू’ केला. दाढीतल्या मॅक्वीनला बघायला कोणी गेलं नाही.

आणि याच काळात त्याला जुन्या मोटरसायकलींनी झपाटलं. जुन्या सामानाचे बाजार, कुणाचं धान्याचं कोठार, छोट्या जाहिराती, जिथे वास लागेल तिथे जायचा. सोबतीला कित्येकदा बड एकिन्सच, कारण जुन्या गाड्यांचा नाद त्यालाही होता. हार्ली आली, एक्सेलसियर आली, आणि सगळ्यांत जास्त जीव लावला तो इंडियनला. तिशीत त्यानं बहुधा ढुंकून पाहिलं नसतं, असल्या गाड्या. एकेक करत मोटरसायकलींची संख्या शंभराच्या वर गेली.

का? बरेच जण म्हणतात, तरुणपणची आठवण. असेल. आमच्या मोठ्या बाबांकडे राजदूत होती, मग सीडी हंड्रेड आली, आता स्कूटर आहे. पण राजदूतचा प्लग पाना अजून देवघराच्या खालच्या कप्प्यात आहे आणि तो हलवलेला त्यांना चालत नाही. तेव्हा आठवणीचं वजन मलाही माहीत आहे. पण मॅक्वीनच्या बाबतीत तेवढंच नसावं. ज्याची सगळी उमर जिंकण्यात गेली, त्याला अशी गाडी हवी होती जिच्यावर जिंकण्याचा प्रश्नच येत नाही. चीफवर पायानं क्लच दाबायचा, हातानं गिअर टाकायचा, इंजिनच्या आवाजाकडे लक्ष द्यायचं. घाई केली की ती रुसते. तिच्यावरून दाढीवाला, टोपीवाला एक जाडजूड माणूस गावातून गेला तर कोणी वळून बघत नाही. हार्वे मशमन हे नाव घेण्याचीही गरज उरली नाही.

१९७९ मध्ये तो लॉस एंजेलिस सोडून सांता पॉला नावाच्या छोट्या गावी गेला. तिथलं विमानतळ म्हणजे लिंबाच्या-संत्र्याच्या बागांमधली एक धावपट्टी. संत्र्याचं म्हटल्यावर आपल्या वऱ्हाडी माणसाला लगेच चित्र दिसेल. तिथे त्यानं पिवळ्या रंगाचं जुनं स्टिअरमन विमान घेतलं, दोन पंखी, उघड्या कॉकपिटचं, आणि एकोणपन्नासाव्या वर्षी उडायला शिकला. बाप विमानवाला होता, हे आठवतंय ना? मोठेपणी त्यानं बापाला शोधलं होतं. शोध लागला तेव्हा बाप वारला होता.

घर तयार होईपर्यंत बार्बरा मिंटीसोबत तो विमानाच्या हँगरमध्येच राहिला. अलीशी तोवर काडीमोड झाला होता आणि जानेवारी १९८० मध्ये बार्बराशी लग्न झालं. एका बाजूला विमान, दुसऱ्या बाजूला मोटरसायकलींच्या रांगा, मधे पलंग. मला विचाराल तर जगातल्या कुठल्याही बंगल्यापेक्षा भारी. शेवटच्या ‘द हंटर’ या सिनेमात त्यानं अशा माणसाचं काम केलं, ज्याला गाडी धड चालवताच येत नाही. स्वतःची एवढी टिंगल करायला मोठं मन लागतं.

ॲसबेस्टॉस

फटफटीनं मारलं नाही. १९७९ च्या डिसेंबरात निदान झालं, फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, मेसोथेलिओमा. हा आजार प्रामुख्यानं ॲसबेस्टॉसच्या तंतूंमुळे होतो. ते तंतू श्वासातून आत गेल्यावर वीस-तीस-चाळीस वर्षांनी तो वर येतो. जहाजावर खरवडलेल्या त्या पाइपांवर स्टीव्हचा स्वतःचा संशय होता. त्या काळातल्या आग न लागणाऱ्या रेसिंगच्या कपड्यांतही ॲसबेस्टॉस असायचं.

गाडीवेड्यांसाठी इथे एक आडवी गोष्ट. जुन्या गाड्यांच्या ब्रेक-शू आणि क्लच प्लेटमध्ये ॲसबेस्टॉस वापरलं जायचं. आता बऱ्याच पाकिटांवर ॲसबेस्टॉस नाही असं छापलेलं असतं. पण कोणी हौसेनं जुनी राजदूत किंवा येझदी खोलत असेल, तर ब्रेकच्या ड्रममधली काळी भुकटी तोंडानं फुंकू नका, हवाही मारू नका. ओल्या फडक्यानं पुसा. गॅरेजात काम शिकणारी आपली पोरं हे रोज करतात आणि त्यांना कोणी सांगत नाही.

अमेरिकेतल्या डॉक्टरांनी स्टीव्हला सांगितलं की यावर इलाज नाही. मग तो मेक्सिकोला गेला, विल्यम केली नावाच्या माणसाच्या उपचारांसाठी. केली मुळात दातांचा डॉक्टर. कॉफीचा एनिमा, जर्दाळूच्या बियांपासून काढलेलं लेट्रिल, असले प्रकार, ज्यांचा कर्करोगावर उपयोग होतो याला कुठलाही पुरावा नव्हता आणि आजही नाही. इथे मी थोडी अडखळते. उडी कोणी मारायची हे ज्याला कळत होतं, तो इथे कसा फसला? पण ज्याच्यापुढे दुसरं दारच उघडं नाही, त्याला हा प्रश्न बाहेरून विचारणं सोपं आहे. आपल्याकडेही कर्करोगाचं नाव निघालं की कुठल्या तरी गावच्या पुडीचा पत्ता सांगणारा एक नातेवाईक निघतोच.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेक्सिकोतल्या हुआरेझ शहरात त्याच्या पोटातल्या गाठी काढण्याची शस्त्रक्रिया झाली. ७ नोव्हेंबर १९८० ला पहाटे, शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच, त्याचं हृदय बंद पडलं. वय पन्नास. राख पॅसिफिक महासागरात सोडली.

त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला तो १९८४ च्या नोव्हेंबरात, लास व्हेगासच्या इम्पिरियल पॅलेस हॉटेलात. घरातलं सामान, मोटारी आणि रांगेनं उभ्या जुन्या मोटरसायकली. तोवर इंडियनचा कारखाना बंद पडून ३१ वर्षं झाली होती. ज्यांच्या बोलीवर हातोडा पडला, त्यातल्या कित्येकांना आधी हे शिकावं लागलं असेल की क्लच पायात आहे आणि गिअर हातात.